ही एकच व्यक्ती आहे का?

हणमंतराव बिरादारांनी आयुष्यात एकही वस्तू पहिल्या दुकानात घेतली नाही. पहिलं दुकान बघायचं, दुसरं ताडून बघायचं, तिसऱ्यात पहिल्या दोघांचे भाव सांगून दुकानदाराला घाम फोडायचा आणि मग घरी येऊन विचार करायचा, अशी त्यांची पद्धत. हैदराबादच्या कोठी बाजारातले इलेक्ट्रिकवाले त्यांना लांबून ओळखायचे. मिक्सर घ्यायचा होता त्या वर्षी एका दुकानदारानं हात जोडून विचारलं होतं, "साब, आज बी खाली देखनेकूच आए क्या?" हणमंतराव न रागावता म्हणाले, "हौ. देखे बगैर कैसा लेना?"

यात त्यांचा सगळाच दोष नव्हता. भालकीकडच्या शेतकरी घरातून दोघे भाऊ शिकायला हैदराबादला आले आणि इथंच नोकरीला लागले. थोरले एकनाथराव रेल्वेत, धाकटे हणमंतराव वीज खात्यात. त्या काळात निवडायला काही नव्हतंच. स्कूटर घ्यायची तर एकच, तीसुद्धा नंबर लावून. टीव्हीवर चॅनल एक. टेलिफोन मागितला तर लावून मिळेपर्यंत माणूस बोलायचं काय ते विसरून जायचा. ऐन तिशीतला हणमंतरावांसारखा चिकित्सक माणूस अशा काळात नुसता कुढत होता. मग एक्याण्णव साल आलं, बाजार उघडला, पाच वर्षांत एकेका वस्तूच्या दहा-दहा जाती झाल्या. इतरांच्या घरी वस्तू आल्या. हणमंतरावांना जन्माचं काम मिळालं.

पत्नी तारामती याला "यांची परीक्षा" म्हणत. फ्रीजची परीक्षा इतकी लांबली, की निकाल लागला तेव्हा पहिल्या नंबरचं मॉडेल कंपनीनं बंद केलं होतं. मुलगी शिल्पा मोठी झाली तेव्हा वडील स्थळं कशी बघणार याचा अंदाज घेऊन तिनं ऑफिसातला विवेक स्वतःच पसंत केला आणि घरी आणून उभा केला. हणमंतरावांची तक्रार विवेकबद्दल नव्हती, मुलगा चांगलाच होता. "पण दुसरा कोणी बघितलाच नाही की!" ही होती.

निवृत्तीनंतर अंबरपेठच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात घ्यायच्या वस्तू संपत आल्या आणि हणमंतराव जरा कोमेजले. अशात एक फोन त्यांच्या हाती आला. मुलगा युवराज अमेरिकेतून येताना घेऊन आला होता. वडिलांना विचारलं तर पुढच्या खेपेपर्यंत ठरणार नाही म्हणून त्यानं न विचारताच आणला. त्या फोननं हणमंतरावांना फोटोचा नाद लागला. नात्यातलं लग्न, बारसं, साखरपुडा, काही असो, मांडवात एका कोपऱ्यात फोन डोळ्यांपुढे धरून हणमंतराव उभे. जेवणाच्या पंगतीचे फोटो, फुलांचे, पाटीचे. घरी गळका नळ, सडकं निघालेलं वांगं, मीटरचं रीडिंग, भांडायला पुरावा म्हणून हेही फोटो.

लक्ष्मणराव हे त्यांचे चुलतभाऊ. त्यांच्या मुलाचं लग्न मलकपेठच्या एका फंक्शन हॉलमध्ये होतं. मंगलाष्टकं संपत आली, अंतरपाट हलला, हणमंतराव पुढच्या रांगेतल्या दोन बायकांना सरकवून मोक्याच्या जागी पोचले, बटण दाबलं आणि फोननं सांगितलं की जागा शिल्लक नाही.

त्यांना आधी वाटलं, हॉलमध्ये जागा नाही असं कोणी म्हणतंय. मग कळलं. काहीतरी पुसावं म्हणून त्यांनी घाईनं फोन चाळला. पहिलं आलं वांगं. ते पुसावं की नाही याचा विचार करेपर्यंत हार घालून झाले, अक्षता पडल्या, बँडवाल्यांनी छत उडवलं.

"राहिला का?" तारामतींनी विचारलं. "दुसऱ्यांदा घालायला लावू का हार?"

घरी आल्यावर युवराजचा फोन आला. त्यानं दोन मिनिटांत तोड सांगितली. "पप्पा, सगळे फोटो ऑनलाइन टाका. फोनमध्ये ठेवायचेच नाहीत. ॲप असतात त्याची. आपोआप जातात, कुणाला पाठवायचे तर पाठवता बी येतात."

"कोणतं ॲप?"

युवराज सांगणार तेवढ्यात त्याला आपली चूक कळली. पण उशीर झाला होता. हणमंतरावांनी चष्मा लावला होता.

"किती जाती असतात त्याच्यात?" त्यांनी विचारलं.

पुढचे कित्येक दिवस हणमंतराव खुशीत होते. त्यांनी चार ॲप उतरवून घेतली. इंग्रजी नावं त्यांच्या लक्षात राहीनात, म्हणून त्यांनी आपली नावं ठेवली. एक फोनसोबत आलेलं, ते घरचं. एक युवराजनं सुचवलेलं, ते अमेरिकावालं. एकात दर चार फोटोंनंतर केसांच्या तेलाची जाहिरात यायची, ते तेलवालं. आणि एकाचं चिन्ह निळं होतं, ते निळं. परीक्षा न्यायानं व्हावी म्हणून सगळे फोटो चौघांतही टाकायचे ठरले. घरातलं वायफाय त्या ओझ्यानं वाकलं. तारामतींची संध्याकाळची मालिका नायिकेनं तोंड उघडलं की तशीच थांबायची.

"तिला बोलू द्या की," तारामती म्हणायच्या. "काय चढवायलाव एवढं वर?"

"अमेरिकावाल्याचं अर्ध्यावर आलंय. आता थांबवलं तर त्याच्यावर अन्याय होईल."

परीक्षेला विषय बरेच होते. फोटो वर जाऊन खाली आला की त्याची चमक जाते का, हे बघायला आईच्या जुन्या फोटोचा फोटो काढून चारही ठिकाणी टाकला आणि आईच्या गालावरचा तीळ कुठं दिसतो, कुठं पुसट होतो ते भिंगातून बघितलं. अमेरिकावाल्यात तीळ दिसायचा, पण तेलवाल्यात दोन दिसायचे. मग शोधायचा विषय. नुसता शब्द लिहिला की ॲप त्या वस्तूचे फोटो काढून दाखवतं, असं कळल्यावर हणमंतरावांनी गावाकडची म्हैस शोधायला घेतली. घरच्यानं म्हैस बरोबर दाखवली. तेलवाल्यानं म्हैस दाखवली आणि तिच्या शेजारी काळ्या कोटातले लक्ष्मणराव दाखवले.

निळ्याचं वेगळंच. ते रोज सकाळी स्वतःच्या मनानं जुने फोटो काढायचं, त्यांना करुण संगीत लावायचं आणि "आजच्याच दिवशी, काही वर्षांपूर्वी" म्हणून दाखवायचं. पहिल्या दिवशी हणमंतरावांनी तारामतींना हौसेनं हाक मारली. दोघे सोफ्यावर बसले. व्हायोलिन सुरू झालं. पडद्यावर हळूहळू गच्चीवरची फुटकी टाकी उमटली, मग जवळून टाकी, मग टाकीखालचं पाणी, मग प्लंबरची पाठ, आणि शेवटी अक्षरं आली, सोनेरी: हे क्षण पुन्हा जगा.

"नको ग माय," तारामती उठल्या. "एकदा जगले तेच पुष्कळ झालं."

नातेवाइकांना मात्र ताप झाला. चारही ॲप आपापल्या परीनं बिरादारांच्या सगळ्या ओळखीच्यांना आमंत्रणं धाडत होती. लक्ष्मणरावांनी शेवटी फोन केला. "हणमंतराव, एक विचारू? तुम्ही काही विकायलाव का? स्पष्ट सांगा, घेऊ आम्ही एखादं."

असं सगळं मजेत चाललं असताना एके सकाळी तेलवाल्यानं एक प्रश्न विचारला. पडद्यावर दोन गोल आले, दोन्हींत एकेक चेहरा. डावीकडे हणमंतराव. उजवीकडे टक्कल, जाड भुवया, गालावर जिलबीचा पाक. खाली लिहिलं होतं: ही एकच व्यक्ती आहे का?

हणमंतराव ताडकन उठून उभे राहिले. उजवीकडे एकनाथराव होते.

थोरल्या भावाशी ते दहाएक वर्षं बोलत नव्हते. एकनाथराव तिकडे तारनाक्याला, हे इकडे अंबरपेठला. मधे रिक्षानं जाता येईल एवढंच अंतर. भांडण शेतीवरून नव्हतं, घरावरून नव्हतं. फोटोवरून होतं. शिल्पाच्या लग्नात फोटोग्राफरनं नव्या पद्धतीचा अल्बम करून दिला. त्यात म्हणे मागचं चित्र बदलता यायचं. त्यानं सगळ्या घराचा मोठा फोटो बदामाच्या आकारात कापला आणि मागं बर्फाचे डोंगर लावले. बदामात हणमंतराव, तारामती, नवरा-नवरी, युवराज सगळे बसले. कडेला उभे असलेले एकनाथराव तेवढे बाहेर पडले. हणमंतरावांच्या खांद्यावर ठेवलेला त्यांचा हात फक्त उरला, मनगटापासून पुढं बर्फ. तो अल्बम सगळ्या नात्यात फिरला. "थोरला भाऊ डोंगरात हरवला वाटतं," असं कोणीतरी म्हणालं, ते एकनाथरावांच्या कानावर गेलं आणि त्यांनी धाकट्याच्या घरी पाऊल टाकणं सोडलं. हणमंतरावांनाही वाटलं, एवढ्याशा गोष्टीवरून? आपण का जायचं समजूत काढायला? आणि तेही गेले नाहीत.

बायकांनी हे भांडण मानलं नव्हतं. तारामती आणि एकनाथरावांच्या उषाबाई फोनवर तासन् तास बोलायच्या. "बिरादार परिवार" नावाच्या फोनवरच्या गटात दोघेही भाऊ होते. रोज सकाळी एकाचं फूल आलं की थोड्या वेळानं दुसऱ्याचं फूल यायचं, पण एकमेकांच्या फुलाला कोणी उत्तर द्यायचं नाही. गट सोडायलाही कोणी तयार नव्हतं. आधी कोण बाहेर पडला असं झालं असतं.

हणमंतरावांनी "नाही" हे बटण गरजेपेक्षा जोरानं दाबलं आणि स्वयंपाकघराकडे बघितलं. तारामती पुंडीची, म्हणजे अंबाडीची भाजी निवडत होत्या. त्यांना काही दिसलं नव्हतं.

दिसलं असतं तर त्यांनी साधा प्रश्न विचारला असता: बोलत नाही त्या भावाचे फोटो फोनमध्ये आले कुठून?

ते आले असे. नात्यातल्या कार्याला दोघेही जायचे, दोन टोकांना बसायचे. हणमंतराव फुलांच्या कमानीचा फोटो काढायचं निमित्त करून कुठल्यातरी खांबाआड जायचे आणि फोन ताणून, मोठं करून, एकनाथअण्णांचा फोटो काढायचे. अण्णा वाळलेत की काय, एवढंच बघायचं असायचं. काठी आली ती कधीपासून, गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं की नाही. तारामती सांगायच्या, पण त्यांना स्वतः बघायचं असायचं. काढून झाला की ते पुन्हा उघडूनही बघत नसत. वर्षांमागून वर्षं ते फोटो फोनच्या पोटात साठत गेले.

तेलवाल्यानं निदान विचारलं होतं. निळं विचारण्याच्या भानगडीत पडत नसे. त्याला दोन्ही चेहऱ्यांत तेच नाक, त्याच भुवया दिसल्या आणि त्यानं परस्पर दोघांचा एक माणूस करून टाकला. गोलात चेहरा लावला हणमंतरावांचा. हे हणमंतरावांच्या गावीही नव्हतं.

शेवटचा विषय होता फोटो वाटायचा. निळ्यात एक सोय होती: एक माणूस निवडायचा, त्याचे सगळे फोटो ॲप स्वतः गोळा करतं आणि सांगाल त्यांना दाखवतं. कोणाचा माणूस घ्यावा? दुसऱ्या कोणाचे फोटो न विचारता पाठवणं बरं दिसलं नसतं. हणमंतरावांनी सभ्य माणसासारखा विचार केला आणि स्वतःचा चेहरा निवडला. आत उघडून बघायची गरज त्यांना वाटली नाही, स्वतःचा चेहरा त्यांना पाठ होता. "हणमंतराव: सर्व फोटो" असं नाव दिलं, "बिरादार परिवार" निवडला, बटण दाबलं आणि आंघोळीला गेले.

आता जो माणूस कायम फोटो काढत असतो तो स्वतः फोटोत कितीसा असणार? हणमंतरावांचे फोटो होते चार-सहा. बाकी सगळे एकनाथराव. जिलबी खाणारे एकनाथराव, भात कालवणारे एकनाथराव, पान जुळवणारे, हसणारे, खुर्चीत डुलकी घेणारे, काठी टेकून हात धुवायला निघालेले एकनाथराव.

आंघोळीहून येईस्तोवर फोन थरथरत टेबलाच्या कडेला आला होता. गटात पहिला संदेश एकनाथरावांच्या मुलाचा, रितेशचा होता. त्याला मराठी लिहायला जमायचं नाही, म्हणून त्यानं बोलूनच पाठवलं होतं. हणमंतरावांनी बटण दाबलं आणि खोलीभर रितेशचा आवाज घुमला: "काका, ये क्या है? पप्पांचे एवढे फोटो तर आमच्या घरी बी नाहीत!"

"कोणाचे फोटो?" तारामती हात पुसत बाहेर आल्या.

हणमंतरावांनी फोन उलटा ठेवला. "काही नाही. चाचणी चालू आहे."

मग धावाधाव झाली. त्यांनी आधी फोन बंद केला. मग वाटलं, फोटो वायफायमधून जात असतील, म्हणून तेही बंद केलं. मग निळं ॲपच काढून टाकलं आणि सुस्कारा सोडला. थोड्या वेळानं तारामतींनी त्यांचा स्वतःचा फोन पुढं धरला. त्यात सगळे फोटो जागच्या जागी होते.

"ॲप काढलं की मी!" हणमंतराव ओरडले. "मग हे कुठून दिसायलेत?"

त्यांनी बंगळुरूला शिल्पाला फोन लावला. ती आधीच हसत होती. "पप्पा, ते आता वर आहेत. ॲप काढून खाली येत नसतात. ॲप परत टाका, मग शेअरिंग बंद करा. पण करू नका."

"का?"

"मोठ्या काकांनी बघायला सुरुवात केलीय. मला दिसतंय."

हणमंतरावांनी फोन ठेवून दिला. तारामती मात्र एकेक फोटो सरकवत होत्या आणि त्यांचा चेहरा बदलत चालला होता. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "कमानीचे फोटो काढायलोय म्हणत होतात."

"कमान पण आलीय एक-दोनात."

"आली ना. अण्णांच्या डोक्यामागं आलीय." त्या दिवशी त्यांनी हणमंतरावांना ताटात वरून तूप वाढलं, तेही न मागता. हणमंतरावांना ते टोमण्यापेक्षा जास्त लागलं.

तो दिवस गेला, दुसराही गेला. गटातल्या सगळ्यांनी काहीबाही लिहिलं, पण एकनाथरावांचं फूलसुद्धा आलं नाही. हणमंतरावांना जेवण गोड लागेना. अण्णांना वाटलं असेल, धाकट्यानं चेष्टा केली. आधी फोटोतून काढलं, आता खातानाचे फोटो चारचौघांत मांडले. तिसऱ्या दिवशी दुपारी जिन्यात काठीचा आवाज आला. एक पायरी, थांबणं, एक पायरी. तारामतींनी धावत जाऊन दार उघडलं.

एकनाथराव आत आले, खुर्ची ओढून बसले, दम लागला होता तो गिळला आणि धाकट्या भावाकडे बघून दहा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य बोलले.

"एवढ्यात एक तरी फोटो धड काढायचास. सगळ्यात मी खायलोयच."

हणमंतरावांनी काय काय तयारी केली होती. माफी, खुलासा, यंत्राची चूक. पण तोंडातून निघालं भलतंच. "तुम्ही खायचं थांबलात कुठं, अण्णा? मी किती वेळ थांबायचं?"

मग एकनाथरावांचं पोट आधी हललं आणि मागून हसू आलं. तारामती पाणी आणायच्या निमित्तानं आत गेल्या आणि आतच थांबल्या.

"ते असू दे," एकनाथरावांनी खिशातून फोन काढला. "हे पुढचं दिसंना. काठीच्या फोटोपर्यंत येतंय, मग खातं उघडा म्हणायलंय, पासवर्ड मागायलंय. रितेशला विचारलं तर त्याला वेळ नाही. पुढचे दाखव."

म्हणजे ते रागवायला आलेच नव्हते. पुढचे फोटो बघायला आले होते. हणमंतरावांनी घाईघाईनं निळं पुन्हा उतरवून घेतलं आणि दोघे भाऊ सोफ्यावर खांद्याला खांदा लावून बसले. एकनाथराव प्रत्येक फोटोवर शेरा मारत होते. हा लक्ष्मणरावांच्या घरचा साखरपुडा, बासुंदी पातळ होती. हा शर्ट उषानं परवाच बोहारणीला दिला. इथं पोट दिसतंय, हा कशाला ठेवलास?

एका फोटोवर हणमंतरावांचं बोट थांबलं. त्यात एकनाथराव खात नव्हते. खुर्चीत ताठ बसले होते, शर्टाची कॉलर नीट केलेली, आणि थेट समोर बघत होते. अगदी फोनमध्ये.

"अण्णा, हा... तुम्हाला दिसलो होतो मी?"

"न दिसायला काय? खांबामागं उभा होतास. खांब एवढासा आणि तू केवढा." एकनाथरावांनी पडद्यावरून नजर काढली नाही. "दर वेळी दिसायचास. म्हटलं काढायलाय तर काढू द्यावं. या खेपेला जरा नीट बसलो, तर तू हलवलास."

फोटो खरंच हलला होता. हणमंतरावांना चष्मा पुसावा लागला. पुसून झाल्यावर म्हणाले, "अण्णा, तो बदाम मी काढायला लावला नव्हता. शपथ."

"फोटोग्राफरनंच काढला, ते मला कळतंय. पण छापायच्या आधी तुला दाखवला होता की नाही?"

"दाखवला होता."

"मग? एक मिक्सर घ्यायला सगळी कोठी पालथी घालणारा तू, तुला मी दिसलो नाही?"

"मी वरचं कव्हर बघत होतो. त्याच्याकडे मखमलीचं होतं आणि चामड्याचं होतं. कोणतं टिकेल ते ठरवण्यात आतली पानं बघायची राहिली."

एकनाथरावांनी हातातला फोन बाजूला ठेवला. मग हळूच विचारलं, "मग कोणतं टिकलं?"

"मखमल. चामड्याला बुरशी येते."

"हौ. येते," एकनाथराव म्हणाले, आणि तो विषय तिथंच मिटला.

जेवायला थांबायचं नाही असं म्हणत ते पोटभर जेवले. भाकरी, पुंडीची भाजी, वर ठेचा. जेवता जेवता कोणतं ॲप चांगलं यावर बोलणं आलं आणि लगेच वाद पेटला. एकनाथरावांना तेलवालं आवडलं. त्यातली अक्षरं मोठी होती आणि जाहिरात आली की डोळ्यांना विसावा मिळतो, असं त्यांचं म्हणणं. हणमंतरावांनी आईचे दोन तीळ काढून दाखवले. एकनाथराव म्हणाले, आईला दोनच होते, एक हनुवटीवर. हणमंतराव म्हणाले, हनुवटीवर आत्याला होता. मधेच शिल्पाचा फोन आला. तिनं सांगितलं की निळ्याची मोठी जागा तिनं विकत घेऊन टाकली आहे, सगळ्या घरासाठी, आता परीक्षा बंद करा. ती फार घाई करते, यावर मात्र दोघांचं एकमत झालं.

ऊन उतरल्यावर एकनाथराव निघाले. हणमंतराव त्यांना रिक्षात बसवायला खाली उतरले. नाक्यावर रिक्षा उभ्या होत्या. हणमंतरावांनी पहिल्याला भाव विचारला, दुसऱ्याकडे वळले, तिसऱ्याला हाक मारली. तोवर एकनाथराव पहिल्याच रिक्षात काठीसकट बसले होते.

"अण्णा, थांबा की! तो बघू द्या काय म्हणतो ते."

"मला उभं राहवत नाही. तू बघत बस." आणि डोकं बाहेर काढून म्हणाले, "आणि तीळ हनुवटीवरच होता."

"आत्याचा होता तो!" हणमंतराव रिक्षाच्या दांडीला धरून म्हणाले. "आत्या भाकरी थापायची तेव्हा पिठाचा ठिपका बसायचा त्याच्यावर. आठवत नाही?"

"ती आईच!"

"साब, चलना है की नक्को?" रिक्षावाल्यानं विचारलं. वाद अर्धवट सोडणं शक्य नव्हतं. हणमंतराव आत चढले आणि रिक्षा सुटली.

तारनाक्याला एकनाथरावांच्या दारात पोचेपर्यंत आत्याचं लग्न, आत्याची सासू आणि गावची विहीर एवढं सगळं होऊन गेलं होतं. उषाबाईंनी दार उघडलं. समोर नवरा, आणि नवऱ्यामागं दीर. अंगात घरातला बाह्यांचा बनियन, खाली लुंगी, पायात तारामतींच्या स्लिपर. फोन टेबलावर राहिला होता.

उषाबाईंनी वरपासून खालपर्यंत बघितलं. "भावजी," त्या म्हणाल्या, "तारामतीला सांगून आलात का?"

"नाही," हणमंतराव म्हणाले. "आधी एक सांगा. आमच्या आईला तीळ कुठं होता?"

"आत या," उषाबाई म्हणाल्या. "चहा टाकते. तिला बी बोलावते फोन करून. तुमचा शर्ट घेऊन येईल."